नाकाशिवाय चार ग्लास

रविवारी दुपारी साडेतीन वाजता तिने स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलं. या दाराला कडी आहे हेच घरात कोणाच्या लक्षात नव्हतं. कडी गंजली होती, दोनदा दाबावी लागली. ओट्यावर पाच तपकिरी बाटल्या उभ्या होत्या, एकाच मापाच्या, एकाच झाकणाच्या, आणि एकीवरही चिठ्ठी नव्हती. पाहुणा साडेचारला यायचा होता. म्हणजे हातात एक तास होता. या तासात कोणत्या बाटलीत काय आहे ते तिला शोधून काढायचं होतं, आणि तेही वास न घेता.

ती कॉफीच्या कंपनीत टेस्टर होती. गोदामात आलेल्या प्रत्येक मालाचा नमुना भाजायचा, दळायचा, त्यावर गरम पाणी ओतायचं आणि चमच्याने सुर्रकन ओढून घ्यायचा. मग थुंकायचं आणि लिहायचं: पास किंवा नापास. हे काम ती एकवीस वर्षं करत होती. त्याआधी ती त्याच कंपनीत पिशव्या शिवायची. एकदा जेवणाच्या सुट्टीत पोत्यांच्या थप्पीपाशी उभी राहून ती म्हणाली होती, "या ढिगात मधे कुठेतरी रॉकेल सांडलंय." सगळे हसले. त्यांच्यातला एकच माणूस हसला नाही. त्याने थप्पी उतरवायला लावली, आणि खालून तिसरं पोतं रॉकेलने भिजलेलं निघालं. तो माणूस म्हणजे मुख्य टेस्टर. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला शिलाईवरून उचलून चाखणीच्या खोलीत आणलं. सगळे त्यांना सर म्हणत, तीही सरच म्हणू लागली.

कंपनीत तिला नावाने कोणी हाक मारत नसे. "माल गेला का?" "थांबा, नाकाला विचारा." ड्रायव्हरसुद्धा म्हणायचे, आमचं नाक आज रजेवर आहे, गाडी उद्या भरू. तिला त्याचं वाईट वाटत नसे. उलट घरी सांगताना ती जरा मान वर करूनच सांगायची.

घरातही नाकाचंच राज्य होतं. सुगंधी साबण आणायचा नाही. नवऱ्याने दाढीनंतर काही लावायचं नाही. सासूबाईंनी गुडघ्याला बाम लावायचा तर बाल्कनीत बसून, आणि दार ओढून घेऊन. बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या नाहीत, हा नियमही तिचाच. चाखणीच्या खोलीत कप मांडताना नावं झाकून ठेवतात, कारण नाव वाचलं की माणूस वाचलेलंच चाखतो. ती सवय तिने घरी आणली होती. व्हिनेगर, साखरेचा पाक, सगळं प्रयोगशाळेतल्या तपकिरी बाटल्यांत. झाकण काढायचं, एकदा नाकाशी धरायचं, झालं. शेजारणी आल्या की ती हा खेळ मुद्दाम करून दाखवायची.

पाच आठवड्यांपूर्वी तिला तीन दिवस ताप आला. चौथ्या दिवशी ताप गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. शेगडीवर दूध करपलं, पातेल्यातून धूर निघाला, ती शेगडीकडे पाठ करून भाजी निवडत होती. आतल्या खोलीतून सासूबाई ओरडल्या तेव्हा तिला कळलं. डॉक्टर म्हणाले, येईल परत. महिन्यात येईल, वर्षात येईल. मग चष्मा काढून पुसत म्हणाले, काहींना येत नाही.

तिने हे फक्त नवऱ्याला सांगितलं. आणि नेमके त्याच दिवसांत सर डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पाच आठवडे रजेवर होते. चाखणीच्या खोलीत ती एकटीच. ती रोज कप मांडत होती, सुर्रकन ओढत होती, थुंकत होती आणि गेल्या वर्षीच्या वहीतून त्या त्या मळ्याची नोंद बघून लिहीत होती. चॉकलेट, थोडं संत्रं, शेवट स्वच्छ. पास.

सर परवा कामावर आले होते आणि येत्या शुक्रवारी निवृत्त होणार होते. आल्या आल्या म्हणाले, "सोमवारी मालकांना माझ्या खुर्चीसाठी नाव द्यायचंय. त्याआधी रविवारी तुझ्या घरी येतो. ते कॉफीचं कॉकटेल पाज. ते प्यायल्याशिवाय मी काही जात नाही." त्या खोलीतून कोणीही निवृत्त झालं की तिच्या घरी हे कॉकटेल होत असे. ती नाही कसं म्हणणार?

दारावर टकटक झाली.

"कोण?"

"मीच. कडी कशाला लावलीस?" नवरा म्हणाला. तो गाड्या रंगवण्याच्या गॅरेजमध्ये कामाला होता. तिने दार फटीएवढं उघडलं आणि त्याला आत ओढलं.

"आई काय करतायत?"

"साडी बदलतेय. तिसरी." तो बाटल्यांकडे बघत राहिला. "अगं, सांगून टाक ना त्यांना. सरच आहेत, कोणी परका नाही."

"परका असता तर सांगितलं असतं."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. एक आठवडा काढायचाय. उद्या नाव जाईल, शुक्रवारी ते जातील. तोवर येईलही नाक."

"आणि नाही आलं तर?"

तिने पहिल्या बाटलीत चमचा बुडवला आणि जिभेला लावला. नाक गेलं तरी जीभ जागेवर होती. गोड, आंबट, कडू आणि जळजळ एवढं तिला अजून कळत होतं. पहिली बाटली गोड: साखरेचा पाक. दुसरीचा थेंब लागताच तोंड वाकडं झालं: व्हिनेगर. तिने ती बाटली ओट्यावरून उचलून थेट खिडकीत नेऊन ठेवली. तिसरी काळपट, गोड-कडू आणि जळजळीत. ही कॉफीची लिकर. भाजलेले दाणे वोडकात दहा दिवस भिजवून, गाळून, साखर घालून तिने स्वतः केलेली. तापाच्या आधी केलेली, म्हणून तिच्यावर विश्वास ठेवता येत होता.

राहिल्या दोन. दोन्ही पाण्यासारख्या, दोन्ही जिभेला सारख्याच झोंबणाऱ्या. एक साधी वोडका. दुसरीत तिने केकसाठी संत्र्याच्या तेलाचे थेंब घातले होते. चुकीची बाटली घेतली तर पहिल्या घोटालाच सर मान वर करणार.

"तुम्ही बघा जरा," ती म्हणाली.

नवऱ्याने दोन्हींचा आलटून पालटून वास घेतला. अगदी मन लावून घेतला. "दोन्हीला पेट्रोलसारखा येतोय."

"तुम्हाला सगळ्यालाच पेट्रोलसारखा येतो."

"बावीस वर्षं थिनर हुंगतोय, काय करू? आईला विचारू?"

"खबरदार. आईंना कळलं म्हणजे जिन्यातल्या सगळ्या घरांना कळलं."

घड्याळात चार वाजायला दहा कमी होते. ती ओट्याला टेकून उभी राहिली. संत्र्याचं तेल, संत्र्याचं तेल, असं मनात घोळवत राहिली. आणि तेल या शब्दापाशी थांबली. तेल दारूत विरघळतं, पाण्यात नाही. दारूत पाणी ओतलं की तेलाला जागा उरत नाही, ते बाहेर पडतं. तिने दोन छोटे ग्लास घेतले, एकेकात एकेका बाटलीतले दोन चमचे घातले आणि फ्रीजमधल्या बाटलीतलं गार पाणी हळूहळू सोडलं. डावा ग्लास तसाच निवळ राहिला. उजव्यात धुक्यासारखं काहीतरी फिरलं आणि पाणी दुधाळ झालं.

"हे काय झालं?" नवरा म्हणाला.

"नाकाशिवाय भागलं," ती म्हणाली. पाच आठवड्यांत पहिल्यांदा तिला हसू आलं.

मग ती झपाट्याने कामाला लागली. नाक नसेल तर नसो, काटा होता, थर्मामीटर होता, घड्याळ होतं. कॉफी तिने वजन करून दळली. शेगडीवर ठेवायचं ते दोन मजली भांडं, खाली पाणी आणि वर कॉफी येणारं, ते मंद आचेवर ठेवून ती कान लावून उभी राहिली. आधी बारीक फुरफुर, मग घुरघुर. घुरघुर सुरू होताच आच बंद. त्याच्यापुढे गेली की कॉफी जळते, आणि जळलेली तिला आज कळणार नव्हती. दर ग्लासाला चाळीस मिली वोडका, वीस लिकर, तीस कॉफी, दहा पाक. सगळं मापाच्या नळीने. चार ग्लास फ्रीजरमध्ये गार करायला ठेवले होते ते काढले. सजावटीला कॉफीच्या दाण्यांतले सारख्या आकाराचे बारा निवडले, एका ग्लासावर तीन.

साडेचारला दोन मिनिटं असताना बेल वाजली.

सरांनी काळा चष्मा काढून खिशात ठेवला, चपला भिंतीला समांतर लावल्या आणि खुर्चीवर ताठ बसले. उंच, वाळकुडे, हातात नेहमी रुमाल. सासूबाई तिसऱ्या साडीत समोर येऊन बसल्या होत्या.

"डोळा कसा आहे आता?" सासूबाईंनी विचारलं.

"दिसतंय चांगलं. इतकं की आरशात बघायचं टाळतो."

"आम्ही केव्हाचं टाळतो. सूनबाई, माझ्या ग्लासात कॉफी जरा कमी घाल हो. रात्री झोप येत नाही."

"आणि दुसरं?" नवऱ्याने विचारलं.

"दुसऱ्याने येते."

सर मनापासून हसले. ती आतून ऐकत होती. तिने फ्रीजर उघडून बर्फाचा मऊ रबरी ट्रे काढला, उलटा दाबला, खडे शेकरमध्ये खळखळ पडले. झाकण घट्ट बसवून दोन्ही हातांनी तिने शेकर हलवायला सुरुवात केली. मनात आकडे चालू होते. पंधरा मोजेपर्यंत स्टील हाताला चिकटायला लागलं पाहिजे, तसं लागलं. दोन खेपांत चार ग्लास भरले. वर बोटभर फेस बसला, दाट, सायीच्या रंगाचा. दाणे ठेवले ते बुडाले नाहीत. इतका चांगला फेस तर तिला नाक असतानाही कधी आला नव्हता.

ट्रे घेऊन ती बाहेर आली.

सरांनी ग्लास उजेडाकडे धरला. मग ओठांशी नेला आणि सवयीने सुर्रकन ओढला. ती त्यांच्या गळ्याकडे बघत होती. घोट खाली गेला. त्यांनी ग्लास खाली ठेवला नाही, पण दुसरा घोटही घेतला नाही. रुमालाने ओठ टिपले.

"फेस फार छान आलाय," ते म्हणाले.

"मस्त झालंय," नवरा म्हणाला. त्याने अर्धा ग्लास एका दमात संपवला होता.

सासूबाईंनी एक घोट घेतला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी सुनेकडे पाहिलं, मग ग्लासात पाहिलं, मग ग्लास हळूच पायाशी जमिनीवर ठेवला. सासूबाईंनी काही न बोलता ग्लास खाली ठेवावा, हे या घरात पहिल्यांदाच घडत होतं. काहीतरी चुकलंय. काय, ते तिला कळत नव्हतं. चौघांपैकी दोघांना माहीत होतं, आणि तिला आपल्याच हातच्या वस्तूबद्दल कोणाला विचारायचीही सोय नव्हती.

तिने स्वतः घोट घेतला. गार, गोड, कडू, जळजळ. बाकी भिंत.

"कॉफी कुठली?" सरांनी विचारलं.

"डोंगरातली. धुतलेली. मध्यम भाजलेली." हे पाकिटावर लिहिलेलं होतं.

"हं." सरांनी दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला. एखादं औषध घ्यावं तसा त्यांनी सावकाश सगळा ग्लास संपवला आणि तीन दाणे तळाशी राहिले ते बघत म्हणाले, "अडतीस नंबरचा लॉट तू बघितलास ना? उद्या सात वाजता भरतायत तो."

"हो."

"कसा होता?"

"चॉकलेट, थोडं संत्रं, शेवट स्वच्छ."

"स्वच्छ," सर म्हणाले. त्यांनी तो शब्द परत केला, चिडून नाही, टोमणा म्हणून नाही. नमुना तपासून बाजूला ठेवतात तसा ठेवला. "उद्या मी मालकांना तुझं नाव सांगणार आहे. त्याआधी मला काही सांगायचंय का तुला?"

खोलीत पंख्याचा आवाज येत होता. नवऱ्याने घसा खाकरला आणि मग खाकरल्याबद्दलच पश्चात्ताप झाल्यासारखा खिडकीबाहेर बघू लागला.

सासूबाई एकदम बोलल्या. "बर्फाचं म्हणत असाल तर चूक माझी आहे. मागच्या आठवड्यात मी लसूण वाटून त्या ट्रेमध्ये गोठवली होती. धुतला मी नंतर, पण रबराचा तो, वास धरतो. हिला माहीत नव्हतं. हिचा काही दोष नाही."

लसूण. तिने डोळे मिटले. वोडकेतलं तेल तिने शोधून काढलं, कॉफीचा थेंब न् थेंब मोजला आणि बर्फाकडे बघितलंही नाही. बर्फ कोण मोजतं? एकवीस वर्षांत तिने ट्रे नाकाशी न नेता एक खडा कधी वापरला नव्हता. पण तेव्हा आपण ते करतोय हेही तिला माहीत नसायचं. हात आपसूक वर जायचा. गेल्या पाच आठवड्यांत तो हात वर जायचा थांबला होता, आणि हेही तिच्या लक्षात आलं नव्हतं.

"आई, तुम्ही ट्रेमध्ये लसूण?" नवरा म्हणाला. "या घरात?"

"मग काय करू? पाच आठवडे झाले, मी बाम आत बसून लावतेय. पलंगावर. कोणी हूं नाही की चूं नाही. मला वाटलं, सूनबाई सुधारली." त्या थांबल्या. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "नंतर वाटलं, सुधारली नाही. पण विचारायचं कसं?"

सर सासूबाईंचं बोलणं शांतपणे ऐकून घेत होते. "ट्रे कोणीही खराब करतं, आजी. आमच्या घरी तर माशांचा असतो. मी तिला विचारतोय."

वाट मोकळी होती. सासूबाईंनी ती स्वतः झाडून ठेवली होती. 'घाई होती सर, बर्फ बघायचा राहिला.' एवढं वाक्य पुरलं असतं. सरांना ते पटलं असतं का, कोणास ठाऊक. पण त्यांनी ते मानून घेतलं असतं. रॉकेलचं पोतं सापडलं त्या दिवसापासून ते तिच्या बाबतीत मानूनच घेत आले होते. वाक्य तिच्या जिभेवर होतं. तिने तोंडही उघडलं.

पण डोळ्यांसमोर अडतीस नंबर आला. दोनशे चाळीस पोती. गोदामाच्या पूर्वेच्या भिंतीला लावलेली, जिथे पाइप गळतो. या वर्षी त्यातल्या एखाद्या थप्पीला बुरशी धरली असेल का? गेल्या वर्षीच्या वहीत ते लिहिलेलं असणार नव्हतं. आणि उद्या तिला खुर्ची मिळाली तर तिच्यानंतर बघणारं कोणीच नव्हतं.

"सर, मला वास येत नाही," ती म्हणाली. "पाच आठवडे झाले. अजिबात येत नाही."

सरांनी रुमालाची घडी मोडली आणि परत घातली. 

"किती लॉट पास केलेस?"

"अकरा."

"कशावरून?"

"जुन्या वहीवरून. आणि दाण्यांचा रंग, ओलावा. तेवढं बघितलं."

"गेले किती?"

"आठ. तीन गोदामात आहेत. अडतीस त्यातला."

"आठ," सर म्हणाले. ते उठून स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी गेले. व्हिनेगरची बाटली तिथेच होती. त्यांनी झाकण काढलं, न पाहताच नाकाशी धरलं आणि परत लावलं. "गेलेल्यांची यादी सकाळी माझ्या टेबलावर दे. माल घेणाऱ्या प्रत्येकाला मी कळवतो. त्यात तुझं नाव येईल. ते मला झाकता येणार नाही, आणि मी झाकणारही नाही."

"हो."

"मालकांकडेही उद्या तुझं नाव देत नाही मी."

"हो, सर."

नवरा अर्धवट उठला. "सर, आजारपण होतं हो. तिने काही मुद्दाम..."

"आजारपण तिचं होतं," सर म्हणाले. "सही मुद्दाम होती." मग आवाज उतरवून म्हणाले, "बसा तुम्ही. मला तिची काळजी नाही असं समजू नका. गोदामात आज कोण आहे?"

"रविवारचा पहारेकरी," ती म्हणाली. "आणि भरणीचा मुकादम असेल. तो सोमवारच्या गाड्या आदल्या संध्याकाळीच लावून ठेवतो."

"फोन मी करू की तू?"

तिने मोबाइल आधीच हातात घेतला होता. सासूबाईंनी पंखा बंद केला, तिला नीट ऐकू यावं म्हणून. चार घंटा वाजल्या. पाचव्याला मुकादमाने उचलला. मागे गाडी मागे घेतल्याचा आवाज येत होता.

"बोला. आज रविवारी?"

"अडतीस, एक्केचाळीस, त्रेचाळीस. तिन्ही लॉट थांबवा. भरू नका."

"अडतीस तर अर्धा चढला की. माणसं लावलीत मी दुपारपासून."

"उतरवा."

"तुम्हीच पास केलाय ना? माझ्याकडे कागद आहे, खाली सही आहे तुमची."

"आहे. ती रद्द समजा."

"असं समजून चालत नाही हो. रजिस्टरला कारण लिहावं लागतं. थांबा, पेन घेतो." खडखडाट झाला. कोणालातरी त्याने ओरडून गाडी बंद करायला सांगितली. "हां. काय लिहू? ओल? कीड?"

"लिहा, टेस्टरला वास येत नाही."

"कोणत्या टेस्टरला?"

"मला."

"नाव लिहू?"

"पूर्ण लिहा."

तो हळूहळू लिहायचा, आणि लिहिताना एकेक अक्षर तोंडाने म्हणायचा. ती फोन कानाला लावून उभी राहिली, आणि त्याचं सगळं लिहून होईपर्यंत तिने तो ठेवला नाही.